बॅटरीवाला पिंगळा

एकदाचा माझ्या चित्रातला पिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, पूर्ण झाला. चार दिवस टेबलावर होता, आज सकाळी कडेची टेप सोडवली. गळ्यात उपरणं, पंखाखाली आप्पांच्यासारखी लांब स्टीलची बॅटरी आणि स्वारी बसलीय विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर, मागे केळीची बाग. डोळे पिवळेधमक, वर पांढऱ्या भुवया.

हा पिंगळा खरा आहे बरं का. आमचा मळा चोपड्याकडे. शेताची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, मग आप्पा बाराला नाहीतर दोनला उठून मोटार चालू करायला जातात. लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो बसवलाय पण व्होल्टेज कमी-जास्त झालं की त्याचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात केळीला पाण्याची एक पाळी चुकली की पानं लगेच मान टाकतात, त्यामुळे जावंच लागतं. ते परत येईपर्यंत माय जागीच. तर विहिरीजवळच्या निंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते, त्यातला एक आप्पा गेले की खाली येऊन पेटीच्या पत्र्यावर बसतो आणि डोकं खालीवर करत त्यांच्याकडे बघत राहतो. पेटीवरच्या बल्बला किडे जमतात, त्याचं जेवण तिथंच. पण आप्पा म्हणतात सोबत होते, आणि मला तेच खरं वाटतं.

भाचीनं विचारलं तो तिथं काय करतो, तेव्हा तिला सांगितलेली गोष्ट अशी. पूर्वी पहाटे कंदील घेऊन पिंगळा यायचा, म्हणजे पक्षी नाही, माणूस, कुडमुडं वाजवत दारोदार भविष्य सांगायचा. त्याला पक्ष्याची भाषा कळते म्हणायचे. तर आपल्या ह्या पिंगळ्याचा पणजोबा त्या माणसाच्या खांद्यावर बसून कानात सगळं सांगायचा, कुणाकडे पाहुणे येणार, कुणाची गाय विणार. पुढे गावात तो माणूस येईनासा झाला, मग ह्या घराण्यानं मळ्यात नोकरी धरली. आता त्याला एकच भविष्य सांगता येतं, लाइट कधी येणार ते. आप्पा विचारतात, "लाइट उनी का रे?" तो डोकं एकदा हलवतो म्हणजे अर्धा तास, दोनदा हलवतो म्हणजे आलीच. पगार रोज एक उंदीर, तोही ठिबकच्या नळ्या कुरतडणाराच पाहिजे. भाचीनं विचारलं सुट्टी कधी? मी सांगितलं, दिवसाची लाइट असते त्या आठवड्यात.

चित्राला वेळ लागला तो उन्हानं. आमच्याकडे मे महिन्यात 45 च्या पुढे जातं, रंगाचा ओला पातळ थर, म्हणजे वॉश, टाकावा आणि ब्रश धुऊन परत येईपर्यंत कडा सुकून रेघ पडलेली. आकाश दोनदा वाया गेलं. शेवटी पहाटे पाचला बसले, 300 जीएसएमचा जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर चिकटवला, तेव्हा कुठे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर एकमेकांत शांतपणे उतरले आणि हवी होती ती रात्र मिळाली.

पेटीची सावली काही केल्या जमत नव्हती. मग चाळीसगावच्या केकी मूस यांचे टेबलटॉप फोटो आठवले, ते टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायचे. मी काडेपेटी उभी केली, वर कणकेचा पिंगळा ठेवला, खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं धरला आणि सावली कुठं पडते ते बघून घेतलं.

सगळ्यात मजा डोक्याची. पिंगळा जेमतेम वीतभर पण डोक्यावर किती पांढरे ठिपके! काडीच्या टोकानं मास्किंग फ्लुइडचा, म्हणजे कागदाला रंग लागू न देणाऱ्या द्रवाचा, एकेक ठिपका ठेवला, वरून तपकिरी रंग दिला, पूर्ण सुकू दिला आणि मग बोटानं हलकेच चोळलं. रबरासारखं ते निघत गेलं आणि खालून कागदाचा पांढरा एकेक करून बाहेर आला, तेव्हा तो पक्षी माझ्याकडे बघायलाच लागला. पाय मात्र कोरे ठेवले होते, काय करावं सुचत नव्हतं.

संध्याकाळी आप्पांना दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं, बॅटरीवर बोट ठेवून हसले. मग पायांकडे बघून म्हणाले, "त्याना पायमा बूट काढ बेटा, रातले साप निंघतस."

काढले. काळे गमबूट, ओसरीत आप्पांचे असतात तसेच, डाव्याला टाचेशी चिखल.