रोबो की दुर्बीण?

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की नातेवाईक विचारतात, "सिस्टर, रोबोने केलेलं बरं की दुर्बिणीने?" मी दोन्ही प्रकारच्या ऑपरेशनांत स्क्रब नर्स म्हणून टेबलाशी असते, म्हणून जे रोज बघते ते लिहिते.

रोबो आपण होऊन काहीच करत नाही. सर्जन पेशंटपासून थोड्या अंतरावर कन्सोलवर, म्हणजे रोबो चालवायच्या टेबलापाशी, बसतात आणि तिथून रोबोचे हात चालवतात. असिस्टंट आणि मी टेबलाशीच उभे असतो. छिद्रं दोन्हींत छोटीच. कापलेलं आतडं बाहेर काढायला सहसा काही सेंटीमीटरचा छेद दोन्हींत लागतो, त्यामुळे "रोबोत टाके नसतात" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

खरा फरक पडतो तो खाली, गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात. पुरुषाचं कटीर (कमरेच्या हाडांमधली पोकळी) अरुंद, त्यात माणूस लठ्ठ असला तर दुर्बिणीची सरळ दांड्याची इन्स्ट्रुमेंट्स आत एकमेकांवर आपटतात. कॅमेरा धरलेल्या शिकाऊ डॉक्टरचा हात तासातासाने थकतो आणि स्क्रीनवरचं चित्र हलायला लागतं. रोबोचा कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात असतो, स्थिर राहतो, आणि इन्स्ट्रुमेंटचं टोक मनगटासारखं वळतं. लघवी आणि लैंगिक क्षमता सांभाळणाऱ्या बारीक नसा तिथूनच जातात. त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला लोक लाजतात. लाजू नका, ऑपरेशनच्या आधी विचारा.

२०१७ साली या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या 'रोलार' चाचणीचे निकाल आले. १० देश, गुदाशयाच्या कॅन्सरचे ४७१ पेशंट. ऑपरेशन मध्येच बदलून पोट उघडावं लागलं ते दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोत ८.१ टक्के लोकांचं. पण हा फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. नंतरच्या चीनमधल्या मोठ्या चाचणीत, मधल्या आणि खालच्या गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये, तीन वर्षांत त्याच भागात आजार उलटण्याचं प्रमाण रोबोत १.६ टक्के आणि दुर्बिणीत ४ टक्के निघालं. तिथले सर्जन मात्र दोन्हींत मुरलेले होते.

हा मुरलेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक रोबोंत हाताला स्पर्श कळत नाही. किती ताणलं ते डोळ्यांनीच ओळखायचं. नवख्या हातात दोरा तुटतो. म्हणून मशीन कुठलं यापेक्षा "हेच ऑपरेशन तुम्ही याच पद्धतीने किती केलीत?" हे विचारा.

जुन्नरकडच्या एका आजींची गाठ उजव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला होती. मुलगा रोबोसाठी सोनं गहाण टाकायला निघाला होता. रोबोची इन्स्ट्रुमेंट्स ठरावीक वेळाच वापरता येतात, मग बदलावीच लागतात. बिल फुगण्याचं तेही एक कारण. मी त्याला म्हटलं, "दादा, आधी सरांना विचार, गाठ या जागी असताना रोबोने आईला जास्तीचं काय मिळणार?" उजवीकडे जागा मोकळी असते, तयार हाताला दुर्बीण पुरते. सरांनीही तेच सांगितलं आणि आजींचं दुर्बिणीनेच झालं.

आणखी एक. खालच्या गुदाशयात आतड्याचा जोड दिला की तो जोड भरून येईपर्यंत पोटावर शौचासाठी तात्पुरती पिशवी लागू शकते, रोबो असो वा दुर्बीण. तिची जागा ऑपरेशनआधीच, पेशंटला बसवून, उभं करून, साडीची किंवा पँटची कंबर कुठे येते ते बघून पेनाने मार्क करतात. अॅडमिट झाल्यावर ते झालंय का, एवढं वॉर्डच्या सिस्टरला जरूर विचारा.