मी ज्याला कोंडा समजले

लेकीची वेणी घालताना भोवऱ्याच्या जरा खाली पांढरे पापुद्रे दिसले आणि मी मनाशी ठरवूनही टाकलं: कोंडा. शाम्पू बदलला. जागा वाढली, केस विरळ झाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चाई पडलीय." मग घरात पडलेली खाजेची ट्यूब लावली. असे तीन आठवडे गेले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, मलाही दाखवलं. चाईत कातडी गुळगुळीत असते, इथे खपल्या आहेत. आणि हे काळे ठिपके? मला ती घाण वाटली होती. ते मुळाशी तुटलेले केस होते. मानेमागे गाठीही त्यांच्या हाताला लागल्या. मी कधी चाचपलंच नव्हतं. डोक्याचा नायटा, म्हणजे बुरशीची लागण.

खपल्या खरवडून, तुटके केस चिमट्याने काढून तपासायला गेले. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी लगेच दिसू शकते. कल्चरला, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, काही आठवडे लागतात, पण तोवर औषध अडवून ठेवायचं नाही. जांभळ्या दिव्याखाली काहीच चमकलं नाही म्हणून मी खूश झाले, तर त्या हसल्या. मांजराकडून येणारी मायक्रोस्पोरम ही बुरशी हिरवट चमकते, ट्रायकोफायटॉन या दुसऱ्या बुरशीच्या बहुतेक जाती चमकतच नाहीत.

"मग मलम कुठलं?" मलम नाहीच! बुरशी केसाच्या मुळाशी शिरलेली असते, वरून चोपडलेलं तिथे पोचत नाही. शिवाय माझ्या त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघालं: लाली दबली आणि बुरशीचं फावलं. औषध पोटातूनच, वजन बघून. ट्रायकोफायटॉनला टर्बिनाफिन, साधारण 4 ते 6 आठवडे. मायक्रोस्पोरम असती तर ग्रिसिओफुल्विन, 6 ते 8 आठवडे किंवा जास्त, तेही स्निग्ध खाण्याबरोबर, नाहीतर नीट भिनत नाही. जागा सुजून लिबलिबीत झाली, पू आला, तरी गळू समजून चिरा द्यायचा नाही, हेही त्यांनी बजावलं. किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पण तो दुसऱ्यांना लागण कमी व्हावी म्हणून. एकट्या शाम्पूने हे जात नाही. धाकट्याचंही डोकं बघून घेतलं. फण्या, टोप्या वेगळ्या केल्या.

औषध सुरू झाल्यावर शाळा बुडवायची गरज नव्हती. केस कापायचीही नव्हती, आणि तिला काळजी फक्त त्याचीच होती.

परवा तिथे हात फिरवला तर खुंट टोचले. "बाबांच्या दाढीसारखं," ती म्हणाली. गोळ्या अजून दहा दिवस आहेत.