ट्रे घेऊन येणारी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज पुन्हा एक जुना ग्रीक सिनेमा. फिनोस फिल्म या स्टुडिओचा, साठच्या दशकातला. अथेन्समधलं खाऊनपिऊन सुखी घर, लग्नाची मुलगी, करवादणारा बाप. बेल वाजली की काळा झगा, पांढरा एप्रन घातलेली पोरगी दार उघडते. कॉफीचा ट्रे ठेवते, दाराआडून ऐकते, एक फटकळ वाक्य टाकते. हशा. गेली आत. यातले पुष्कळ विनोदी सिनेमे मुळात रंगमंचावरचे, त्यामुळे आपल्या नाटकांतल्या रामा गड्यासारखंच तिचंही काम: निरोप आणायचा, भांडं फोडायचं. साफो नोतारासारखी घोगऱ्या आवाजाची नटी असली तर अख्खा प्रवेश खाऊन जाते, ते वेगळं.

पण आत म्हणजे कुठे? तेव्हाच्या अथेन्सच्या बऱ्याच फ्लॅटांत स्वयंपाकघराला लागून एक खुराडं असे, नोकरांचा जिनाही मागून वेगळा. मी पाहिलेल्या सिनेमांत कॅमेरा तिथवर गेलेला आठवत नाही.

या मुली खेड्यांतून, बेटांवरून यायच्या, कितीतरी जणी कोवळ्या वयात. काहींना 'प्सिहोकोरी' म्हणत, म्हणजे जीव लावून सांभाळलेली लेक. पगार नाही, जेवणखाण, आणि पुढेमागे हुंडा करून देऊ हा शब्द. 'घरातल्यासारखीच आहे हो ती!' हे वाक्य मला अगदी मराठीतच ऐकू आलं. मोलकरणीसाठी दुसरा शब्द 'दुलिको'. तुच्छतेचा, आणि नपुंसकलिंगी. ती नाही, ते. इंग्रजीत हा काटा हरवतो, मराठीला मात्र नेमका टोचतो.

मग कातेरीना गोगू ही नटी आणि कवयित्री शोधत बसले. शाळकरी पोर, नाहीतर मोलकरीण, अशा बारक्या भूमिका तिने कितीतरी केल्या. 1978 मध्ये तिचा 'तीन क्लिक डावीकडे' हा कवितासंग्रह आला: अथेन्सचे रस्ते, पोलीस, एकट्या बायका, आणि रोखठोक संताप. 1993 मध्ये गेली, 53 वर्षांची. ट्रे धरलेला तिचा एखादा फोटो आणि या कविता शेजारी ठेवल्या तर बाई एकच आहे हे पटायला वेळ लागतो.

झोपायच्या आधी आजच्या सिनेमातला तो हशा परत लावून पाहिला. पोरगी तिच्या गावच्या बोलीत काहीतरी बोलते, ती बोली सबटायटलमध्ये पार सपाट झालेली. दिवाणखान्यातले सगळे हसतात. मला विनोद कळत नाही, तिच्या हातातला ट्रे तेवढा दिसतो.