मिलानमध्ये स्पुमान्ते निवडताना आलेला अनुभव

ऑफिसातल्या इटालियन सहकाऱ्यांना मी डिसेंबरात मिलानच्या घरी जेवायला बोलावले होते. सुरुवातीला बटाटेवडे आणि कोथिंबीर वडी, शेवटी पुरणपोळी असा बेत होता. त्याबरोबर स्पुमान्ते, म्हणजे इथली फेसाळ वाईन, द्यायची ठरली आणि खरा त्रास झाला तो दुकानात.

बराच वेळ रांगेत उभे राहिल्यावर माझी पाळी आली, तेव्हा विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला तो बजेटचा. जेवणात काय आहे हे मी सांगू लागले, तोच त्याने ‘एक्स्ट्रा ड्राय’ प्रकारची प्रोसेको (ईशान्य इटलीतली स्पुमान्ते) पुढे केली. या प्रकारात लिटरमागे १२ ते १७ ग्रॅम साखर असते, तर ब्रूट या कमी गोड प्रकारात ती १२ ग्रॅमच्या आत असते. आले-मिरचीच्या तळणीबरोबर मला ब्रूटच हवी होती, कारण तेलकट घासानंतर तिच्या आंबटपणाने तोंड स्वच्छ होते. “सगळे हीच नेतात,” एवढेच उत्तर मिळाले. मी पुन्हा ब्रूट मागितल्यावर त्याने थेट फ्रांचाकोर्ताचे महागडे कपाट दाखवले. ब्रेशाजवळची ही वाईन उत्तम असते यात शंका नाही. तिचे दुसरे किण्वन, म्हणजे फेस आणणारे आंबवणे, बाटलीतच होते आणि ती यीस्टच्या गाळावर किमान १८ महिने ठेवावी लागते, म्हणून ती महाग पडते. प्रोसेकोचे दुसरे किण्वन बहुतेक वेळा बंद टाक्यांत होते, त्यामुळे ग्लेरा द्राक्षाचा सफरचंद-नाशपातीसारखा ताजा गंध टिकतो आणि वड्यांबरोबर मला तोच हवा होता. हे ऐकून घ्यायची त्याची तयारीच नव्हती. शेवटी खालच्या फळीवरून कोनेल्यानो वाल्दोब्बियादेने या प्रोसेकोच्याच भागातली ब्रूट मी स्वतः शोधून काढली. वाईन विकणाऱ्याने आधी जेवण विचारावे आणि मग किंमत, असे माझे ठाम मत आहे आणि त्या दिवसाची चीड अजून गेलेली नाही.

पुरणपोळीसाठी पिएमोंतेची मोस्कातो दास्ती घेतली. ती गोड, हलकी फेसाळ असते आणि तिच्यात अल्कोहोल जेमतेम ५ टक्के असते. गोड पदार्थापेक्षा वाईन कमी गोड असली तर ती आंबट लागते, म्हणून तिथे ब्रूट देऊ नये.

बाटली बर्फ आणि पाणी दोन्ही घातलेल्या बादलीत अर्धा तास ठेवावी. नुसत्या बर्फात ती लवकर गार होत नाही. ६ ते ८ अंश तापमान पुरते. स्पुमान्तेच्या बाटलीत किमान ३ बार (बार हे दाबाचे एकक) इतका दाब असतो, त्यामुळे तारेची जाळी सैल करतानाच अंगठा बुचावर दाबून ठेवावा, बाटली तिरकी धरावी आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवावी. नीट उघडली तर हलका फुस्स असा आवाज येतो आणि थेंबही सांडत नाही. माझ्या दोन्ही बाटल्या अशाच उघडल्या, याचा मला अभिमान वाटतो. ओतताना थोडी ओतून फेस बसू द्यावा, मग ग्लास भरावा.

ग्लासांचे सांगायचे राहिले. अगदी अरुंद ग्लासात गंध कोंडतो, म्हणून मधे फुगीर आणि तोंडाशी निमुळते ग्लास घ्यावेत. ते आदल्या दिवशीच गरम पाण्याने खळबळून धुवावेत, कारण साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो.