गोटीची खरी चाल कोणती?

गतीची समीकरणं मी इतकी वर्षं नववीला फळ्यावरच शिकवली. मुलं ती पाठ करतात, ब्रेक लावलेल्या गाडीची गणितं सोडवतात आणि चाल म्हणजे काय विचारलं की 'अंतर भागिले वेळ' म्हणून मोकळी होतात. यंदा म्हटलं, गोटी सोडूनच बघू.

सामान काय, तर इलेक्ट्रिकच्या दुकानातली दोन मीटरची केसिंग पट्टी (वायरी झाकायची, खाच असलेली), काचेची गोटी, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि खालच्या टोकाला स्टीलचा डबा. डब्यापासून वर ५० सेंटिमीटर, १ मीटर आणि २ मीटरवर खुणा केल्या.

पहिला तास वाया गेला. मी उत्साहाच्या भरात पट्टीचं टोक थेट बाकावर टेकवलं. ५० सेंटिमीटरवरून सोडलेली गोटी एका सेकंदाच्या आत डब्यावर! एका गटाची वेळ ०.६, दुसऱ्याची १.१. डोळ्यांनी पाहून बोट दाबेपर्यंतच माणसाचे साधारण ०.२ सेकंद जातात. त्यात एकजण "सोड!" म्हणून ओरडणार, दुसरा सोडणार, तिसरा बटण दाबणार.

मग मुलांना गॅलिलिओचं सांगितलं. सरळ खाली पडणारी वस्तू त्याच्याही हाती लागत नव्हती, म्हणून त्याने उतार घेतला. सुमारे सात मीटर लांबीची खाचेची फळी, कांस्याचा गोळा आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी. ते पाणी तो तोलायचा. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं हे लिहून ठेवलंय. आपल्याकडे घटिकापात्र होतं, पण २४ मिनिटांत बुडणारं भांडं गोटीला काय कामाचं!

दुसऱ्या दिवशी चढ फक्त ५ सेंटिमीटर ठेवला, दोन जाड पुस्तकांएवढा. ज्याच्या हातात गोटी, त्याच्याच हातात स्टॉपवॉच. डब्यावर 'टण्' वाजलं की थांबवायचं. आता आकडे जवळजवळ येऊ लागले, पण हिशेब जुळेना. २ मीटरला ५ सेकंद, तर ५० सेंटिमीटरला ३.४! चाल एकसारखी वाढत असेल, तर अंतर चौपट झालं की वेळ दुप्पट व्हायला हवा.

मी घर्षणाला दोष देऊन विषय गुंडाळणार होते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, पट्टी मधे झोल खातीये. दोरी ताणून बघू." त्याचे वडील गवंडी आहेत. दोरी धरली तर पट्टी मधे चांगलीच वाकलेली. म्हणजे खालचा भाग जवळपास सपाटच. तीन ठिकाणी वह्यांचे टेकू दिले. प्रत्येक अंतराला पाच-पाच वेळा गोटी सोडून सरासरी काढली: ५० सेंटिमीटरला २.५ सेकंद, १ मीटरला ३.५ आणि २ मीटरला ५.

एका मुलीनं भागाकार करून विचारलं, "बाई, एकीकडे चाल २० येते, दुसरीकडे ४० सेंटिमीटर दर सेकंदाला. मग गोटीची खरी चाल कोणती?"

या प्रश्नासाठी मी फळ्यावर किती खडू झिजवले असतील! २० आणि ४० या सरासऱ्या. गोटी तर क्षणाक्षणाला चाल वाढवतेय. शून्यापासून एकसारखी वाढत ती सरासरी ४० भरते, म्हणजे शेवटच्या टोकाला दुप्पट, ८० असणार.

"बघायचं कसं?" तिचा पुढचा प्रश्न. डबा काढला, गोटी सपाट फरशीवर जाऊ दिली आणि पुढचा १ मीटर मोजला. १.३ सेकंद, म्हणजे सुमारे ७७. वर्गात एकच गलका! उरलेले तीन सेंटिमीटर कुठे गेले, यावर भांडण जुंपलं. कुणी टाइलच्या सांध्यावर खापर फोडलं, कुणी स्टॉपवॉचवाल्याच्या बोटावर.

तेवढ्यात घंटा झाली. गोटी अजून कपाटाखालीच आहे.