पायथन बसवला, पण गेला कुठे?

सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बारा महिन्यांच्या बारा एक्सेल फायली एकत्र करायच्या होत्या. भाचा म्हणाला, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत दहा ओळींचं काम. मग रविवारी सकाळी लॅपटॉपवर पायथन ३.१२ उतरवून घेतला आणि पहिल्याच पडद्यावर 'इन्स्टॉल नाऊ' दाबून मोकळा झालो.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाईप करून आज्ञा द्यायची विंडोजची खिडकी, उघडून 'पायथन' टाईप केलं, तर समोर ॲपचं दुकान! मग शोधाशोध. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये नाही. जुना २.७ थेट सी ड्राइव्हवर बसायचा, तिथेही नाही. पॉवरशेलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या दुसऱ्या खिडकीत, 'व्हेअर पायथन' विचारलं, तर ढिम्म. (तिथे 'व्हेअर' म्हणजे यादी गाळायची आज्ञा, 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहावं लागतं, हे नंतर कळलं.) कमांड प्रॉम्प्टने मात्र एक पत्ता दिला, 'विंडोजॲप्स' फोल्डरमधला. हुश्श केलं आणि फाइलचा आकार पाहिला: शून्य बाइट! ती नुसती दिशादर्शक पाटी निघाली. पायथन सापडला नाही तर दुकानाकडे धाडणारी ही पाटी विंडोज १० मध्ये २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आहे.

शेवटी भाच्याला फोन लावला. "मामा, 'पीवाय' लिही, जागा सोड, मग डॅश, शून्य, पी."

लगेच पूर्ण पत्ता आला: यूजर्स, माझं नाव, ॲपडेटा, लोकल, प्रोग्रॅम्स, पायथन, पायथन३१२. 'ॲपडेटा' लपवलेलं फोल्डर, मला दिसणार कसं? 'पीवाय' हा पायथनसोबतच बसणारा, त्याला सुरू करून देणारा छोटा लाँचर रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, नोंदी बघतो, म्हणून त्याला ठाऊक.

"खालच्या चौकटीत टिक केली होतीस ना? पाथमध्ये घालायची?"

पाथ म्हणजे विंडोज आज्ञा जिथे शोधतं त्या फोल्डरांची यादी. पण कसली चौकट? ती आपणहून टिक केलेली नसते आणि मी खाली बघितलंच नव्हतं. इन्स्टॉलर पुन्हा चालवला, 'मॉडिफाय'मध्ये जाऊन टिक केली. तरी तेच दुकान! उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ धरून बसते. ती बंद करून नवी उघडल्यावर 'व्हेअर'ने दोन ओळी दाखवल्या. खरा पायथन वर, पाटी खाली.

एवढ्यात स्वयंपाकघरातून जेवायची हाक आली. फायली अजून बाराच्या बाराच आहेत.