कार्डानं घेतलं की जास्त घेतलं जातं का? गल्ल्यावरनं जे दिसतं ते

मी सोलापुरात चादर-टॉवेलच्या दुकानात हिशोब बघतो, म्हणजे दिवसभर गल्ल्यावरच असतो, त्यामुळं समोरचा माणूस पैसे कशानं देणार आहे आणि त्याची पिशवी केवढी भरणार आहे याचा संबंध मला रोज दिसतो. लोक म्हणतात कार्ड काय न् कॅश काय, पैसे आपलेच, खर्च तेवढाच. मला हे अजिबात पटत नाही.

लग्नसराईत आहेराचे टॉवेल-टोपी घ्यायला बायका येतात. परवा एक अक्का आल्या होत्या, हातातल्या छोट्या पाकिटात नोटांची घडी, आल्या आल्याच सांगितलं की अण्णा बाराशेच्या वर जायचं नाही. टॉवेल निवडले, बेरीज साडेबाराशेच्या पुढं गेली तर त्यांनी पाकीट उघडून आतल्या नोटा बोटानं चाळल्या, एक टॉवेल बाजूला काढला, मग वरचे तीस सोडा म्हणून दहा मिनिटं घासाघीस केली आणि पैसे मोजून दिले. जाताना परत एकदा पाकिटात बघितलं की रिक्षापुरते राहिलेत का. आता दुसरं गिऱ्हाईक बघा, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करून परत निघालेली फॅमिली, सोलापूरला आलोय तर चादर घेऊन जाऊ म्हणून गाडी थांबवतात, मागतात दोन चादरी. मग नॅपकिनचा सेट, मग सासूबाईंना एक, शेजारच्यांना एक, मग भिंतीवर लावायचं काहीतरी. शेवटी बिल किती झालं हे न बघताच कार्ड पुढं येतं. घासाघीस तर जवळपास नसतेच.

यावर कुणीही म्हणेल की अहो त्यांच्याकडं पैसाच जास्त, त्यात कार्डाचा काय संबंध. शंका बरोबर आहे, मलाही तीच होती. पण यावर एक जुना प्रयोग आहे, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी केलेला, २००१ साली छापून आला. एमबीएच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांसाठी बंद पाकिटात बोली लावायला सांगितली, निम्म्यांना सांगितलं पैसे रोख द्यायचे, निम्म्यांना सांगितलं क्रेडिट कार्डानं. मॅच तीच, तिकिटं तीच, पोरं एकाच कॉलेजची. रोखवाल्यांची सरासरी बोली २८ डॉलरच्या आसपास, कार्डवाल्यांची ६० डॉलर. म्हणजे दुप्पट! इथं कोण श्रीमंत कोण गरीब असा प्रश्नच नाही, फक्त पैसे द्यायची पद्धत बदलली आणि वस्तूची किंमतच डोक्यात बदलली.

याच प्रेलेकनं सहकाऱ्यांबरोबर पुढं लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून खरेदी करायला लावली, तो अभ्यास २०२१ मध्ये आला. आधी सगळ्यांचा समज असा की कार्डामुळं पैसे जाण्याचं दुःख कमी होतं, म्हणजे ब्रेक सैल होतो. त्यांना असं दिसलं की कार्डानं घेताना मेंदूतला बक्षिसाची ओढ लावणारा भाग जास्त चालतो, म्हणजे नुसता ब्रेक सैल नाही, ऍक्सिलरेटरवरही पाय पडतो. हे वाचल्यावर मला गल्ल्यावरचं बरंच काही कळलं, कारण कार्डवालं गिऱ्हाईक नुसतं बेफिकीर नसतं, ते खुश असतं.

आणि पैसे उशिरा जाणं हाही मोठा भाग आहे. क्रेडिट कार्डानं आज घेतलं तर पैसे द्यायला ४५-५० दिवसांपर्यंत मुदत मिळते, तोवर चादर घरात पसरून धुऊन झालेली असते आणि बिलात तिची एक ओळ, तीही पेट्रोल, औषध, हॉटेलच्या ओळींमध्ये दडलेली. त्यात ५ हजारांपर्यंत पिनसुद्धा न टाकता नुसतं मशीनला टेकवून पेमेंट होतं, म्हणजे विचार करायला मिळणारे ते चार सेकंदही गेले.

यूपीआयचं म्हणाल तर ते मधलं आहे. पैसे लगेच खात्यातनं जातात, बहुतेक वेळा पिन टाकावा लागतो, मेसेज येतो. पण चहा, वडापाव, भाजी असं दिवसभर स्कॅन करत राहिलं की संध्याकाळी काही आठवत नाही, आणि आता रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येतं, मग तर स्कॅन करणाऱ्याला खर्च उधारीवर होतोय का खात्यातनं, हेही लक्षात राहत नाही.

पण म्हणून कार्ड कापून टाका असं मी कुणाला सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आकडा कुठं ठरतो ते बघा. लाइट बिल, शाळेची फी, गाडीचा इन्शुरन्स यांचा आकडा आधीच ठरलेला असतो, कार्डानं भरलं म्हणून लाइट बिल वाढत नाही, उलट मुदत मिळते आणि नोंद राहते. पण नवी पेठेत दिवाळीचे कपडे घ्यायला गेलो की आकडा दुकानात उभं राहून ठरतो, सेल्समन एकावर एक घड्या उलगडत असतो, पोरं हात ओढत असतात, तिथं रोखच पाहिजे. आमच्या घरी सणाच्या खरेदीला आणि गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, आधी एटीएममधनं काढतो आणि बायको ते पैसे तिच्याकडं ठेवते. संपले की परत घरी. पोरांनाही ते बरोबर कळतं, पाळण्यात अजून एकदा बसायचं का भेळ खायची हे ती स्वतःच ठरवतात, मला नाही म्हणावं लागत नाही.

रोखीचाही एक दोष आहेच. पाचशेची नोट मोडली की सुट्टे कुठं गेले ते कळत नाही, आणि कार्डाचं स्टेटमेंट तरी महिन्यानं तोंडासमोर येतं. ज्याला लिहून ठेवायची सवय नाही त्याला स्टेटमेंट नीट वाचणं हाच हिशोब.

सगळ्यात काळजी वाटते ती नवीन पोरांची. आमच्या दुकानातल्या एकाला पहिलं कार्ड मिळालं, वीस हजारांचं बिल आलं आणि हा म्हणाला, "दादा, हजारच भरायचे आलेत की, मिनिमम ड्यू." मी बिलबुकाच्या मागं त्याला मांडून दाखवलं. राहिले १९ हजार, महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज ६६५, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून १२० च्या आसपास, असे महिन्याला पावणेआठशेहून जास्त नुसते जाणार आणि मुद्दल जागेवरच. वर्षाचा दर ४२ टक्के पडतो. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतही जाते, नवीन खरेदीवर घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. पोरगं गप्पच झालं. मग भिशीचे पैसे येणार होते त्यातनं त्यानं पूर्ण बिल भरलं.

त्याच्या ऍपमध्ये ऑटो डेबिट लावताना मिनिमम आणि टोटल असे दोन पर्याय आले, आम्ही टोटल लावलं. तुमच्या घरात कुणी नवीन कार्ड घेतलं असेल तर हे एकदा उघडून बघा, मिनिमम लागलेलं असेल तर आजच बदला.